बऱ्हाणपूरच्या नळाला पाणी कोठून येणार?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ च्या सप्टेंबरात जगापुढे विकासाची सतरा उद्दिष्टे ठेवली आणि ती गाठण्यासाठी २०३० ची मुदत घातली. त्यांतील पहिली सोळा उद्दिष्टे काय साधावयाचे ते सांगतात. सतरावे उद्दिष्ट ते कोणी व कसे साधावयाचे याविषयी आहे. शासने, उद्योगधंदे आणि नागरिकांच्या संस्था यांनी भागीदारीने काम केल्याखेरीज दारिद्र्य हटणार नाही व पाणी मिळणार नाही, असे त्याचे तात्पर्य. तत्त्व म्हणून याला कोण हरकत घेणार? २००० साली ठरलेल्या आठ सहस्रक उद्दिष्टांतही शेवटचे उद्दिष्ट भागीदारीचेच होते. तेव्हापासून विकासाच्या परिषदांतून हा शब्द मंगलाष्टकांसारखा म्हटला जात आहे. परंतु भागीदारी हा मूळचा पेढीवरचा शब्द आहे, हे विसरून चालणार नाही. पेढीवर भागीदारी करणारा शहाणा माणूस चार गोष्टी आधी विचारून घेतो. भांडवल कोणाचे किती? काम कोणी करावयाचे? नफ्यात वाटा किती? आणि तोटा आला तर तो कोणाच्या माथी? परिषदांच्या ठरावांत पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कशीबशी सापडतात, चौथा प्रश्न मात्र सहसा विचारलाच जात नाही. तो विचारण्यासाठी न्यूयॉर्कला वा जिनिव्हाला जावयास नको. खानदेशाच्या वेशीला लागून असलेल्या बऱ्हाणपूरपर्यंत गेले तरी पुरे.

बऱ्हाणपूर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. दख्खनचा दरवाजा म्हणून मोगलांनी ज्याची किंमत केली, जेथे १६३१ साली मुमताज महलचा अंत झाला, ज्याच्या बहादुरपुऱ्यावर १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजा चालून गेल्या आणि उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली जे निजामाकडून पेशव्यांकडे आले, तेच हे शहर. पुढे ते शिंद्यांकडे राहिले व इंग्रजी अमलात मध्य प्रांतात गेले. २००३ च्या १५ ऑगस्टला पूर्व निमाड जिल्ह्याचे विभाजन होऊन बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. नकाशात तो मध्य प्रदेशात असला तरी त्याच्या केळीच्या बागा रावेर-यावलच्या बागांना लागून आहेत, त्याच्या बाजारात मराठी कानांवर पडते आणि त्याच्या वेशीवरून वाहणारी तापी खानदेशातून व गुजरातेतून जाऊन अखेर आपल्याच पश्चिम समुद्राला मिळते.

कुंडी भंडाऱ्याची शिकवण

या शहराचे सर्वांत मोठे वैभव जमिनीखाली आहे. अब्दुल रहीम खानखाना हा येथे मोगलांचा सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने शहरासाठी एक विलक्षण जलव्यवस्था उभारली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पावसाचे पाणी तापीकडे झिरपत जाते, हे त्याने ओळखले. त्या झिरप्याच्या वाटेवर शंभराहून अधिक कुंड्यांची म्हणजे उभ्या विहिरींची रांग खोदून त्या भुयाराने एकमेकींस जोडल्या आणि भुयाराला असा बेताचा उतार दिला की, मोट नाही, रहाट नाही, बैल नाही, तरी पाणी आपल्या पायांनी चालत शहरात आले. इराणात अशा व्यवस्थेला कनात म्हणतात. ही रचना कुंडी भंडारा वा खुनी भंडारा या नावाने ओळखली जाते. चार शतकांनंतरही तिच्यातून पाणी वाहते आहे आणि २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचा समावेश झाला आहे.

या रचनेची वाखाणणी करताना तिच्यातील एक मर्म आपण ध्यानात घेतले पाहिजे. कुंडी भंडारा पाणी निर्माण करीत नाही. डोंगराने जे मुरविले तेवढेच तो शहराला देतो. डोंगरावरचे झाड तुटले, पायथ्याची जमीन दगडाच्या खाणींनी वा अमर्याद उपशाने कोरडी पडली, तर सुभेदाराचे फर्मानही त्या भुयारात घागरभर पाणी आणू शकणार नाही. म्हणजे डोंगर, पायथा आणि शहर यांची भागीदारी निसर्गानेच लिहून ठेवलेली होती. खानखानाच्या तज्ज्ञाने ती केवळ वाचली. आजच्या योजनाकारांनी ती वाचली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

पहिला जिल्हा

२०२२ च्या २२ जुलैला बऱ्हाणपूर हा 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा ठरला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन अभियानाची घोषणा झाली तेव्हा या जिल्ह्यातील १,०१,९०५ ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ३७,२४१ कुटुंबांच्या घरी नळ होता. तीन वर्षे पुरी होण्याआधी तो सर्वांच्या घरी पोहोचला आणि २५४ गावांच्या ग्रामसभांनी तसे ठराव केले. मध्ये करोनाची साथ येऊन गेली हे लक्षात घेता हे काम लहान नव्हे. डोक्यावर हंडा घेऊन आयुष्याची उमेद पायवाटेवर घालविणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने तर ही क्रांतीच म्हटली पाहिजे. ज्यांना प्रत्येक सरकारी कामात खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनीही याबद्दल त्या जिल्ह्याच्या प्रशासनाला आणि गावकऱ्यांना मोकळ्या मनाने दाद द्यावी.

या अभियानाची घडणही भागीदारीचीच आहे. केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च उचलतात. कंत्राटदार नळ टाकतात. गावाच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा दंडक आहे. गावातील पाच स्त्रियांना पाण्याची तपासणी शिकविण्याची तरतूद आहे. आणि गावांतर्गत कामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा, डोंगराळ, वनव्याप्त वा अनुसूचित जातिजमातींच्या गावांत विसावा हिस्सा, लोकांनी पैशाने वा श्रमाने द्यावा अशी अपेक्षा आहे. कागदावर यापेक्षा चांगली मांडणी क्वचितच आढळेल. मूळ योजना २०२४ पर्यंतची होती; २०२५ च्या अर्थसंकल्पात तिची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली आणि तेव्हा भर देण्यात आला तो देखभालीवर व लोकसहभागावर. नळ घालणे एक आणि तो वाहता ठेवणे दुसरे, ही गोष्ट दिल्लीच्याही ध्यानात आली, असा याचा अर्थ घेता येईल.

कारण नळ हा पाण्याचा उगम नव्हे. बऱ्हाणपूरच्या शेतीत केळीचे राज्य आहे आणि केळीला बारमाही पाणी लागते. येथे उद्योगाने आपला वाटा उचललेला नाही असे नाही. ठिबक सिंचन व उतिसंवर्धित रोपे या पट्ट्यात रुजविण्यात शेजारच्या जळगावच्या जैन उद्योगसमूहाचा हात मोठा आहे व त्यामुळे थेंबाथेंबाचा हिशेब शेतकऱ्याला कळू लागला. परंतु ठिबकाने वाचलेले पाणी विहिरीतच राहील याची हमी कोणतीही नळी देत नाही. ते शेजारच्या आणखी एका एकरात जाऊ शकते. किती पाणी उपसावयाचे हा निर्णय एकट्या शेतकऱ्याचा नाही, कंपनीचा नाही आणि तहसीलदाराचाही नाही. तो एकाच भूजलावर जगणाऱ्या सर्व गावांचा आहे. असा निर्णय घेणारी सभा मात्र अद्याप कोणत्याही योजनेने भरविलेली नाही.

तीन फसलेले हिशेब

भागीदारीतील एकच बाजू बळावली तर काय होते, याचे दाखले याच परिसरात आहेत. पहिला खांडव्याचा. बऱ्हाणपूरचा जुना जिल्हा असलेल्या या शहराने नर्मदेचे पाणी आणण्यासाठी हैदराबादच्या एका खासगी कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार केला. भांडवली खर्चाचा फार मोठा भाग केंद्र व राज्य यांच्या अनुदानातून यावयाचा होता, आणि पाणी विकण्याचा हक्क मात्र कंपनीला मिळावयाचा होता. पर्यायी पाणीव्यवस्थेला आडकाठी करणारे कलम करारात असल्याचे लोकांना कळले, तेव्हा २०१२-१३ च्या सुमारास शहरभर असंतोष उसळला. हजारो नागरिकांनी लेखी हरकती नोंदविल्या आणि सरकारला त्यांची दखल घ्यावी लागली. ज्यांच्या घोटासाठी करार झाला, त्यांना तो करार अखेरीस वाचावयास मिळाला, हा त्या भागीदारीतील मूळ दोष. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाच्या कोचाबांबा शहरात २००० साली अशाच खासगीकरणाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि तो करार रद्द झाला. सातासमुद्रांपलीकडचे हे उदाहरण आणि खांडव्याचे उदाहरण यांतील साम्य योगायोगाचे नाही.

दुसरा दाखला आम्हा वृत्तपत्रवाल्यांच्या अंगणातला. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना १९४७ साली खासगी उद्योग म्हणून स्थापन झाला. उद्योजकांना तो भार पेलेना, म्हणून १९४९ मध्ये मध्य प्रांत सरकारने त्याचा कारभार हाती घेतला. पुढे तो केंद्राकडे गेला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. देशातला हा पहिलाच वृत्तपत्री कागदाचा कारखाना. परदेशी कागदावर अवलंबून असलेल्या स्वतंत्र देशाच्या वृत्तपत्रांना आपल्या मातीतला कागद मिळावा, ही त्यामागील ईर्षा थोर होती, आणि तिच्या बळावर जंगलात एक गाव वसले. परंतु काळाबरोबर यंत्रे जुनी झाली, आयात कागद स्वस्त पडू लागला, तोटा साचत गेला; २०१६ पासून नूतनीकरणासाठी उत्पादन बंद राहिले आणि २३ ऑगस्ट २०२२ रोजी कारखान्याची पुन्हा सुरुवात झाली. उद्योगाने सोडलेले ओझे सरकारने उचलले, हे योग्यच झाले. पण ते ओझे हलके कसे करावयाचे याचा विचार कामगार, ग्राहक वृत्तपत्रे आणि सरकार यांनी एका मेजाभोवती बसून वेळेवर केला असता तर कामगारांच्या वाट्याला ती वर्षे आली नसती. शहरातील ताप्ती मिलची कथा याहून करुण आहे. १९७४ साली राष्ट्रीयीकरण झालेली ही गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली, आणि टाळेबंदी उठल्यावरही तिची चाके फिरली नाहीत.

तिसरा दाखला जंगलाचा, आणि तोच सर्वांत बोलका. नेपाच्या कागदाला आरंभी सालई आणि बांबू लागत, ते सातपुड्याने दिले. त्या जंगलात राहणारा आदिवासी या व्यवहारात भागीदार म्हणून कधीच धरला गेला नाही. २०२२-२३ मध्ये नेपानगरच्या परिसरात अतिक्रमणासाठी मोठ्या प्रमाणावर झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा ती थांबवा म्हणून धरणे धरून बसले ते स्थानिक आदिवासी संघटनेचे लोक. ज्याला आपण नागरी समाज म्हणतो तो असा दिसतो. त्याच्याजवळ कचेरी नसते, इंग्रजी अहवाल नसतो, पण झाड पडल्याचा आवाज त्यालाच प्रथम ऐकू येतो. अशा संघटनेच्या एका कार्यकर्त्याला जिल्हा प्रशासनाने २०२४ साली तडीपार केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत तो आदेश रद्द केला आणि सरकारला दंडही ठोठावला. घरोघर नळ नेऊन देशात पहिला आलेला जिल्हा तोच, आणि नळाच्या पाण्याचा उगम राखावयास उभा राहिलेल्या माणसाला हद्दपार करणाराही तोच. ज्याला भागीदार म्हणावयाचे त्यालाच आरोपी करावयाचे, अशी ही भागीदारी किती दिवस टिकणार?

जमलेला एक हिशेब

हे सारे ऐकून कोणी म्हणेल की, मग भागीदारी हा भ्रमच आहे. तसे आम्ही मानीत नाही. महाराष्ट्रातच तिचा एक चांगला नमुना घडला आहे. १९९० नंतरच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यासह राज्याच्या अवर्षणग्रस्त भागात राबविला गेला. पैसा जर्मन जनतेचा, तो हाताळणारी बँक आपली नाबार्ड, मूळ कल्पना आयुष्य आपल्या खेड्यांत घालविणारे स्विस जेझुइट धर्मोपदेशक फादर हर्मन बाखर यांची, मार्गदर्शन स्वयंसेवी संस्थांचे, आणि निर्णय गावाच्या पाणलोट समितीचा. गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी आणि श्रमदान करावे, ही पूर्वअट होती. आधी थोड्या क्षेत्रावर काम करून दाखवावे लागे. मगच पुढचा मोठा निधी सुटे. म्हणजे देणाऱ्यालाही काही गमवावे लागत होते आणि घेणाऱ्यालाही. ज्याने आपल्या शेळ्या दोन वर्षे डोंगरावरून खाली ठेवल्या, तो त्या डोंगराचा बांध फुटू देत नाही. पेढीवरच्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर या कार्यक्रमाने आधीच लिहून ठेवले होते.

हाच निकष लावून आता तापी खोऱ्यातील नव्या प्रकल्पाकडे पाहिले पाहिजे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात तापी महापुनर्भरण प्रकल्पाचा करार झाला. सुमारे ३१ टीएमसी पाणी वापरून मध्य प्रदेशात सुमारे १ लाख २३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ३४ हजार हेक्टर क्षेत्राला लाभ व्हावा, अशी ही योजना आहे. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोटे आणि वाळूचा जो सच्छिद्र पट्टा आहे, ज्याला भूगर्भतज्ज्ञ बझाडा म्हणतात, त्यात तापीचे पाणी मुरवावयाचे ही तिची कल्पना. म्हणजे १६१५ सालच्या सूत्राचाच हा महाविस्तार होय. म्हादईच्या पाण्यावरून लवादाचा २०१८ चा निवाडा होऊनही न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आपल्यासारख्यांना दोन राज्ये शांतपणे एका मेजाशी बसली याचा हेवाच वाटावा. पण मेजाभोवती दोनच खुर्च्या होत्या. ज्या गावांच्या जमिनीवरून कालवे जाणार आणि ज्यांच्या डोंगरांच्या कुशीत पाणी अडविले जाणार, त्या गावांच्या ग्रामसभांना तिसरी खुर्ची मिळाली पाहिजे. ज्या उद्योगांना या पाण्याचा लाभ होणार त्यांच्याकडून पुनर्भरणाच्या देखभालीचा वार्षिक वाटा करारानेच वसूल झाला पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन आहेच. परंतु तो खर्च दान म्हणून नव्हे, घेतलेल्या पाण्याची परतफेड म्हणून झाला पाहिजे.

आपल्या अंगणात

बऱ्हाणपूरची ही चर्चा आपण गोमंतकीयांनी कौतुकापोटी करावी असे नाही. तो पहिला जिल्हा प्रमाणित झाला आणि पुढच्याच महिन्यात, २०२२ च्या ऑगस्टात, आपला गोवा हे पहिले 'हर घर जल' राज्य ठरले. पहिलेपणाची ही बिरुदे दोघांच्याही छातीवर आहेत, तेव्हा पुढची जबाबदारीही दोघांची आहे. आणि भागीदारी म्हणजे काय हे आपल्याला बाहेरच्या कोणी शिकविण्याचे कारण नाही. आपली खाजने ही जगातील एक अत्यंत जुनी भागीदारी आहे. गांवकरीने बांध राखावा, शेतकऱ्यांच्या बौसाने त्याची डागडुजी करावी, मानशीतून भरती-ओहोटीचे पाणी हिशेबाने आत-बाहेर सोडावे, मानशीची मासळी पावणीला लावून आलेला पैसा बांधाला पुरवावा, अशी ती चोख व्यवस्था. खाऱ्या पाण्याला शेतात शिरू न देण्यात प्रत्येकाचा जीव अडकलेला होता, म्हणून ती शतकानुशतके टिकली.

कूळ कायद्याने आणि विशेषतः १९७६ च्या दुरुस्तीने जमीन कसणाऱ्याला न्याय मिळाला. तो मिळावयासच हवा होता. पण बांधाची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली तेव्हा तिच्याबरोबर जुनी शिस्त आली नाही. बांधापेक्षा मानशीची पावणी मोलाची झाली. जास्त मासळीसाठी दारे अवेळी उघडी राहू लागली, बांध फुटले, शेते खारावली, आणि फुटलेला प्रत्येक बांध सरकारने बांधून द्यावा अशी सवय जडली. सरकारचा पैसा आहे, मासळीचा धंदा आहे, संघटनाही आहे. तिन्ही भागीदार हजर असूनही शेत खारे, याचे कारण तोटा आता त्यांच्यापैकी कोणाच्याच माथी नाही. कोकणातील खारभूमीची कथाही याहून फारशी वेगळी नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गोव्यात असो वा बऱ्हाणपुरात, नळाच्या प्रत्येक योजनेबरोबर तिच्या उगमाचा आराखडा जोडला जावा. खासगी कंपनीशी होणारा पाण्याचा प्रत्येक करार सही होण्यापूर्वी ग्रामसभेत वा पालिकेत लोकांच्या भाषेत वाचून दाखविला जावा. पाणी समितीच्या हाती देखभालीचा स्वतंत्र निधी आणि तो थकविणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार असावा. आणि डोंगर, बांध वा नदी राखणाऱ्या लोकांच्या संघटनांना शासनाने फिर्यादी म्हणून नव्हे, तर भागीदार म्हणून वागवावे. यांतील एकाही गोष्टीला नव्या परिषदेची वा परदेशी कर्जाची गरज नाही. २०३० ला आता फार वर्षे उरलेली नाहीत. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात भागीदारीचा हिशेब मांडला जाईल तेव्हा आकडे किती का भरोत, बऱ्हाणपूरच्या बाईने चैत्र-वैशाखात नळ सोडला आणि पाणी आले की नाही, एवढ्यावरच तो हिशेब खरा की खोटा ते ठरेल.